दगडाचं डोकं

बाबांना त्यांच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गावभर त्यांना ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ चढते आहे की नाही ते पाहायला गवंडी वापरतो ते. पन्नास वर्षं बाबांनी गवंडीकाम केलं आणि त्यांच्या हातची कललेली भिंत कुणी पाहिली नाही. इथवर सगळं छान. पण कामावरून आलेला माणूस हातपाय धुतो तसा स्वभाव काही धुऊन ठेवत नाही, आणि त्याची शिक्षा घरच्यांनी भोगली.

सूनबाई या घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं बैठकीच्या खोलीत एक तसबीर लावली. बाबा चहाचा कप घेऊन तिथून गेले आणि जाता जाता म्हणाले, "पाव इंच डावीकडे." सूनबाई शिवणकाम करणारी. टेप तिच्या गळ्यातच असायची. तिनं रागारागानं मापून पाहिलं. बरोब्बर पाव इंच होतं. त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं म्हणा की युद्ध सुरू झालं म्हणा, एकूण एकच. बाबा पडद्याच्या शिलाईत खोड काढायचे, सूनबाई त्यांच्या सदऱ्याची बटणं मुद्दाम एक घर सोडून लावून द्यायची, आणि संध्याकाळी दोघं एका ताटलीतली बिस्किटं खात बसायची. तिचा नवरा, म्हणजे बाबांचा मुलगा, म्हणायचा की या घरात मीच परका आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "काय दिसतंय, आजोबा?" बाबा म्हणाले, "तुमच्या दाराची चौकट वरच्या अंगाला उजवीकडे गेलीय." डॉक्टर हसले. मग उठून चौकट बघून आले आणि हसायचे थांबले.

असा हा माणूस. पण एका बाबतीत त्याचं वागणं सूनबाईला कधी कळलं नव्हतं. गावापासून पाऊण तासावर माळावर एक उभा दगड आहे. दीड पुरुष उंच, एकटा. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी तो उभारला असं सांगतात. लांबलांबचे लोक तो पाहायला येतात, शाळांच्या सहली जातात, गावच्या पिशव्यांवर आणि पेल्यांवर त्याचं चित्र असतं. बाबा तिथं कधीच जायचे नाहीत. घरची सहल निघाली की त्यांचा गुडघा दुखायचा. नात शाळेतून दगडाचं चित्र काढून आली आणि तिनं ते आजोबांसमोर धरलं, तेव्हा आजोबांना एकदम बाहेरचा नळ गळतोय की काय ते पाहायची आठवण झाली. सूनबाईला वाटायचं, गवंड्याला दगडाचं काय अप्रूप! हलवायाला मिठाईचं नसतं तसंच हे.

त्या सकाळी ती शिलाई मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांचे तीस सदरे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि बाराच झाले होते. बाबा भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. वाचता वाचता थांबले. पुन्हा वाचलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "पोरी, गाडी काढ."

"आत्ता? कुठं?"

"माळावर. दगडाकडं."

सूनबाईच्या पायाखाली मशीन चालू होती ती तशीच राहिली आणि एका सदऱ्याची बाही खांद्याऐवजी खिशाला शिवली गेली. तिनं वर्तमानपत्र ओढून घेतलं. बातमी चार ओळींची होती. दगडापाशी असलेली रंगवलेली जुनी पाटी जाऊन तिथं कोरीव शिला बसणार होती आणि कोरायचं काम आजपासून सुरू होणार होतं. शिलेवरचा मजकूरही छापला होता. पहिली ओळ, हा दगड चार हजार वर्षांपूर्वी उभारला गेला. दुसरी ओळ, तेव्हापासून तो जसाच्या तसा उभा आहे.

"मग चांगलंच आहे की," ती म्हणाली.

"चांगलं नाही. खोटं आहे. रंगानं लिहिलेलं खोटं ऊनपावसात उडून जातं. तेही मला खपायला नको होतं, पण खपवून घेतलं. आता दगडात कोरतायत." ते उठून चपला शोधू लागले. "तो जसाच्या तसा नाही. उलटा आहे. मी उलटा बसवलाय त्याला."

बाकीचं त्यांनी गाडीत सांगितलं. सूनबाईनं सदरे तसेच टाकले होते, फक्त शाळेला फोन करून उद्यावर ढकललं होतं आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. बाबा समोरच्या रस्त्याकडे पाहत बोलत होते. त्यांच्या बोलण्यात एरवी असतो तो टोमणा नव्हता, त्यामुळे तिला गाडी चालवायला जड जात होतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा त्या दगडाला कुणी विचारत नव्हतं. माळावर गुरं त्याला अंग घासायची, एवढंच त्याचं काम; तो कसा उभा आहे हे कुणी नीट पाहिलंही नव्हतं. एका वादळात तो पडला आणि दोन पावसाळे चिखलात आडवा राहिला. त्याचा खड्डाही बुजून गेला. मग तिकडून नवा रस्ता निघाला, रस्त्याचं उद्घाटन करायला कुणी मोठा माणूस येणार ठरलं, आणि बांधकाम कचेरीतल्या साहेबांना एकाएकी त्या दगडाचं प्रेम आलं. आठ दिवसांत उभा करा, असा हुकूम निघाला. गावात असलं काम करील असा एकच माणूस होता.

"आधी मी त्याला धुतला," बाबा म्हणाले. "चिखलानं माखलेला दगड मी आयुष्यात कधी कामाला लावला नाही. चार माणसं लावून तारेच्या ब्रशानं घासला, आरशासारखा. जमिनीत किती भाग होता त्याचा डाग असतो गं दगडाला. तो डागही निघाला. मीच घालवला. मग पाहिलं तर एक टोक रुंद, एक निमुळतं. जड बाजू खाली, हलकी वर. हा आमच्यातला पहिला धडा. पोर हाताखाली आलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही. तसा बसवला. तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, उचलायला साखळ्या लावल्या, खाली चुन्यात दगडाच्या चिपा ठासून भरल्या. ओळंबा लावला तर केसाचा फरक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"मग उलटा कसा?"

"त्या जुन्या लोकांनी निमुळतं टोक खाली घातलं होतं. का ते मला विचारू नको, माझ्या हाताखाली असते तर कान पिळला असता. पण घातलं होतं. पुढच्या वर्षी पावसात मी सायकलवरून जात होतो, आडोशाला दगडापाशी थांबलो. पाणी वरून येत होतं आणि वर दगड गुळगुळीत. आणि खाली, पार पायाशी, बोटबोट खोल पन्हाळ्या, पाण्यानं चर पाडावेत तशा. पाऊस दगडाला डोक्यावर खातो पोरी, पायाशी नाही. हजारो वर्षं खातो तेव्हा तसल्या पन्हाळ्या पडतात. त्याचं डोकं मी मातीत पुरलं होतं."

ते भिजतच साहेबांकडे गेले होते. साहेब म्हणाले, फाईल बंद झाली. दगडाचं डोकं कुठलं नि पाय कुठले, हे तुमच्याशिवाय कोण विचारणार आहे? आणि बोलता बोलता त्यांनी टेबलावर एक नकाशा उलगडला. नव्या शाळेचा, बारा वर्गांचा. बाबांनी तोवर एवढं मोठं काम केलं नव्हतं. घरात तीन लहान मुलं होती. त्यांनी नकाशा घेतला आणि बाहेर आले.

"आईंना सांगितलं होतंत?" सूनबाईनं विचारलं. सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती.

"सांगितलं. ती म्हणाली, शाळा पुरी होऊ दे, मग बोला. शाळा पुरी झाली. मग दुसरं काम आलं. मग तिनं विचारायचं सोडलं, आणि मला बरं वाटलं."

सूनबाईला आठवलं, त्याच शाळेचे तीस सदरे घरी पडले होते. तिला म्हातारा अतिशय लाडका वाटला आणि त्याच वेळी त्याचा रागही आला. अकरा वर्षं हा माणूस तिच्या पाव पाव इंचाला बोलत आला होता!

माळावर वारा होता. रस्त्याच्या कडेला देखरेखीची खोली, तिच्या शेजारी ताडपत्री ताणलेली, आणि ताडपत्रीखाली दोन ओंडक्यांवर ठेवलेली शिला. एक चाळिशीचा कारागीर छिन्नी-हातोडा घेऊन तिच्यावर वाकला होता. बाबा दगडाकडे गेलेच नाहीत. तडक ताडपत्रीखाली शिरले. पहिली ओळ कोरून झाली होती. दुसरी अजून खडूनं आखलेली होती. त्यांनी त्या खडूच्या ओळीवर आपला पंजा ठेवला.

"अहो, पुसेल ना!" कारागीर ओरडला.

"पुसायलाच आलोय."

ओरडा ऐकून खोलीतून देखरेख करणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं ठणठणीत. एकोणीस वर्षं त्या या दगडाची माहिती सांगत होत्या, आणि ती त्यांना इतकी पाठ होती की झोपेतून उठवलं तरी कुठूनही सुरू करता आली असती. सूनबाईनं मधे पडून कोण, काय, कशासाठी ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि वेडसर पाहुण्याशी बोलतात तशा गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, पायाशी ज्या खाचा आहेत ना, तिथं ती जुनी माणसं आपल्या कुऱ्हाडी परजायची. आमच्या पुस्तिकेत आहे."

"कशी परजायची? जमिनीवर पालथं झोपून?"

कारागिराला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. बाईंना मात्र ते लागलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनाही तो कधी पडला नव्हता.

बाबांनी कारागिराकडून एक जुनी पटाशी मागून घेतली आणि दगडाकडे चालू लागले. एकेचाळीस वर्षांनी. जवळ गेल्यावर ते जरा थांबले, वर पाहिलं, आणि सूनबाईला वाटलं आता हे मागे फिरणार. पण ते गुडघ्यावर बसले, त्या नेहमी दुखणाऱ्या गुडघ्यावर, आणि पायाशी माती उकरू लागले.

"अहो, इथं खणायला बंदी आहे!" बाई धावल्या.

"मीच भरलेली माती आहे, बाई. मला ओळखते ती."

वीतभर उकरून झाल्यावर त्यांनी हात झटकले. "घाला बोट." बाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग साडी सावरून बसल्या आणि पन्हाळीत बोट घातलं. जमिनीवर जेमतेम बोटभर असलेली खाच मातीत शिरून आणखी खोल होत गेली होती. त्यांचं बोट गेलं, मग अर्धा पंजा गेला.

"माझ्या तोंडून किती पोरांनी ते कुऱ्हाडींचं ऐकलंय," त्या म्हणाल्या. आवाजातला ठणठणीतपणा गेला होता. "घरी जाऊन चित्रं काढतात हो."

"तुम्ही ऐकलेलं सांगत होता. मला माहीत असून मी गप्प होतो. तुमचं माझं एक नव्हे," बाबा म्हणाले, आणि सूनबाईच्या खांद्याला धरून उठले.

बाईंनी वरच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण बाईंचे "हो साहेब, बरोबर साहेब" बारीक होत गेले त्यावरून सगळं कळत होतं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणतायत, आत्ता आहे तसं कोरून घ्या. नंतर बघू."

नंतर म्हणजे काय ते बाबांइतकं कुणाला ठाऊक असणार! ते ताडपत्रीखालच्या एका ओंडक्यावर बसले आणि एकाएकी फार म्हातारे दिसू लागले. सूनबाईला बाईंशी भांडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बाई, मी कपडे शिवते. चुकीची शिवण उसवता तरी येते. भोकं राहतात, पण उसवता येते. हे कोरल्यावर नंतर काय बघणार हो तुम्ही?"

बाई शिलेकडे वळल्या. "मजकुरावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या, कुणाला म्हणाल्या कोण जाणे. "बोलणी बसतील ती मलाच बसतील." आणि त्यांनी कारागिराच्या बादलीतला ओला बोळा उचलून दुसरी ओळ स्वच्छ पुसून काढली. पुसलं तेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

मग त्यांना दुसरंच सुचलं. "आजोबा, सरळच करू या का त्याला? मी वर लिहीन. यंत्रं येतील."

बाबांनी मान हलवली. "नको. खाली मी जे ठासलंय ते फोडायला गेलात तर दगडालाच तडा जाईल. चूक केली तीसुद्धा पक्की करून ठेवली, हीच तर पंचाईत आहे. राहू दे उलटा. लिहा मात्र खरं."

खरं लिहायचं ठरलं तरी ते कसं लिहायचं यावर अर्धा तास गेला. बाई कचेरीत मुरलेल्या. त्यांनी कागदावर लिहिलं, काही तांत्रिक कारणास्तव हा दगड सध्या उलट स्थितीत आहे. बाबांनी वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत ओळंब्याची जुनी चमक आली. "तांत्रिक कारण म्हणजे मीच ना? मग गवंडी म्हणा की! मला तांत्रिक कारण म्हणून मरायचं नाही."

शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं. वादळात पडल्यावर पुन्हा उभारताना गवंड्याच्या चुकीने हा उलटा बसवला गेला. गवंड्याला ते कळले, पण तो गप्प बसला.

"बाबा, चूक लिहिली तेवढं पुरे झालं," सूनबाई म्हणाली. "गप्प बसल्याचं कशाला? उद्या नात वाचेल, तिच्या मैत्रिणी वाचतील. गावात सगळ्यांना कळेल कोण ते."

"वाचू दे."

"लोक हसतील तुम्हाला."

"चुकीला हसतील. हसू देत, मीही हसलो असतो. चूक हातून झाली पोरी, हात आहे तिथं चूक आहे. गप्प बसलो तो मी बसलो." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "ते नसेल तर पहिलं लिहून तरी काय उपयोग?"

बाईंनी कागदाखाली सही केली आणि तारीख घातली. कारागिरानं खडूनं नवी अक्षरं आखली, बाबांनी त्याला दोनदा रेघ पुसायला लावली कारण ती उजवीकडे उतरत होती, आणि काम सुरू झालं. बाईंनी चहा आणला. सूनबाईनं गाडीतून आपल्याकडची बिस्किटं आणली. पाहुणे येत होते, दगडाभोवती फिरून फोटो काढत होते. त्यांना माहिती सांगायला बाई गेल्या आणि पहिल्यांदाच अडखळल्या. मग त्यांनी ताडपत्रीकडे बोट करून काहीतरी सांगितलं आणि ते लोक वळून बाबांकडे पाहू लागले. बाबांनी मान खाली घातली नाही. कप हातात घेऊन ते तसेच बसून राहिले, पण सूनबाईला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

ऊन कलायला आलं तेव्हा कारागीर शेवटच्या शब्दांवर होता. त्याआधीची सगळी अक्षरं त्यानं ठोकून कोरली होती. पुढे मात्र हातोड्याचा आवाज हलका झाला. सूनबाईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दमला असेल बिचारा, तिला वाटलं. बाबा मात्र उठले. जवळ जाऊन त्यांनी चष्मा काढला, वाकले, आणि आंधळा वाचतो तसा अंगठा अक्षरांवरून फिरवत नेला. शेवटच्या तीन शब्दांवर अंगठा थांबला.

"हे उथळ झालंय."

कारागिरानं छिन्नी खाली ठेवली. "मुद्दामच घेतलं बाबा," तो हळूच म्हणाला. "मीही दगडातलाच माणूस आहे. दहाबारा पावसाळ्यांत पुसट होईल म्हटलं. तोवर लिहिल्यासारखंही होईल."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. सूनबाईला वाटलं, आता हे त्याला झापणार. पण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पोटच्या पोराच्या ठेवावा तसा, आणि थोडा वेळ तिथंच राहू दिला. मग त्या तीन शब्दांतली भुकटी त्यांनी आपल्या तळहातानं झाडून काढली.

"पुन्हा मार," ते म्हणाले. "खोल."